तेरावं खोकं

चव्वेचाळीस साली आमच्याकडची जमीन एका जागी राहत नव्हती. पश्चिमेचा वारा सुटला की आमचं गव्हाचं रान उठायचं आणि शेजारच्या शुल्त्सच्या हद्दीत जाऊन बसायचं. दोन दिवसांनी वारा फिरला की परत यायचं, आणि येताना शुल्त्सची थोडी माती सोबत आणायचं. शुल्त्सनं कधी तक्रार केली नाही, कारण ती माती मुळात त्याच्या पलीकडच्याची असायची. एकदा मातीबरोबर त्याचा कुत्राच आमच्या दारात आला, झोपलेला. जागा झाल्यावर बराच वेळ बिचाऱ्याला काही कळेना. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर चौदा मैलावर जाऊन कुणालाही विचारा. तिथं आता कुणी राहत नाही, ही गोष्ट माझ्या सोयीची आहे.

चौदा मैल हे आमच्या वस्तीचं नाव. रेल्वेच्या थांब्यापासून तेवढी लांब, म्हणून. आमच्या घरात चार माणसं. आई, म्हणजे थर्झा पेंगिली. सात पोरं जन्माला घातलेली, त्यातली पाच वाढवलेली आणि दिवसा पायातले बूट कधीही न काढलेली बाई. थोरला भाऊ हेडली, सुतारकामाचं वेड असलेला. त्याची बायको डल्सी, बंदराच्या शहरातली, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. आणि मी, एझरा, बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा, म्हणजे घरात कुणालाही काहीही काम सांगायला मोकळा.

गहू गुडघ्याएवढासुद्धा झाला नाही. उगवला तो वाऱ्यानं मुळासकट उपटला. सकाळी उठलं की मी आणि हेडली फावडी घेऊन कुंपणावरची वाळू ओढायचो. दुपारपर्यंत तारेचे दोन पदर उघडे व्हायचे, संध्याकाळपर्यंत परत बुजायचे. तळहातांना फोड यायचे आणि फोडांतही वाळू असायची. आई पीठ तीनदा चाळायची, तरी पेस्टीत, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या भाजक्या करंजीत, दाताखाली कचकच व्हायचीच. ती पेस्टी बटाटा आणि सलगम भरून करायची आणि प्रत्येकाच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर सुरीनं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायची, म्हणजे अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं. तिच्या बापानं खाणीत असंच खाल्लं होतं.

त्या वर्षी शेतानं काही दिलं नाही. दिलं ते तेवीस कोंबड्यांनी.

आमच्या खुराड्यात अंडी घालायला रॉकेलचे आठ डबे आडवे मांडलेले होते, सगळे एकाच मापाचे, सगळ्यांत सारखंच काड. पण तेवीसच्या तेवीस कोंबड्यांना तिसरा डबाच हवा असायचा. सकाळी नऊला तिथं रांग लागायची. एक आत बसलेली, दुसरी तिच्या पाठीवर, तिसरी दोघींच्या मधून मान घालून, बाकीच्या बाहेर येरझाऱ्या घालत शिव्या देत. शेजारचे सात डबे रिकामे. खालची अंडी फुटायची, आणि फुटलेलं अंडं त्या वर्षी आम्हाला मेलेल्या मेंढीएवढं जिव्हारी लागायचं.

आता डल्सीबद्दल. तिला पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा ती माहेरी, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली होती. कुणाची काही चूक झाली नाही. पोर आलं, पण रडलं नाही. ती आगगाडीनं परत आली तेव्हा तिच्या मांडीवर विणलेल्या कपड्यांची टोपली होती. गाडीतून घरी येईपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही, आणि आम्हीही काही विचारलं नाही. पेंगिली घराण्यात बोलण्यापेक्षा खायला घालायची पद्धत आहे. आईनं त्या रात्री तिच्या पेस्टीवरचं अक्षर जरा जास्त खोल कोरलं. डल्सीला ते कळलं असेल असं मला वाटत नाही. ती आईला ‘मिसेस पेंगिली’च म्हणायची, बँकेतल्या साहेबाच्या बायकोला म्हणावं तसं.

दुसऱ्या खेपेला तिनं ठरवलं होतं की काही झालं तरी नर्स हॅनाबसच्या पलंगावरच जायचं. नर्स थांब्याजवळ राहायची. तिच्या मागच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, मधे खोलगट झालेला. हेडली त्यावर जन्मला, मी जन्मलो, सगळं चौदा मैल त्यावरच जन्मलं, आणि सगळी पोरं रडत घरी गेली. पुढच्या शहरात बाळंतपणासाठी सहा पांढऱ्या पलंगांचा नवा कोरा विभाग होता, पण आमच्याकडच्या बाया तिकडं फिरकत नसत. दोघींची वेळ एकदम आली तर एक आत असायची आणि दुसरी नर्सच्या स्वयंपाकघरात मटार सोलत पलंग रिकामा व्हायची वाट बघायची.

ऑगस्टमध्ये नर्स स्वतः घोडागाडीनं आली, डल्सीचं पोट तपासलं आणि म्हणाली की रस्ता वाळूत बुडत चाललाय, ऐन वेळी बाईला आणणं जमणार नाही. एक स्वच्छ खोली करा, त्यात पलंग टाका, मीच येईन.

हेडलीला एवढंच हवं होतं. आमचं जुनं प्रार्थनाघर माणसं उठून गेल्यामुळं बंद पडलं होतं. त्याच्या फळ्या त्यानं गाडीत भरून आणल्या आणि पाच आठवड्यांत घराला लागून एक खोली उभी केली. रंधा मारून गुळगुळीत, वाळूचा कण आत येणार नाही इतके घट्ट सांधे. पलंगही त्याच लाकडाचा. उरलेल्या फळ्यांची त्यानं कोंबड्यांसाठी बारा खोकी केली आणि तिसरा डबा कापून घोड्यांच्या पाण्याच्या हौदाला ठिगळ लावलं. एक डबा काढून घेतला म्हणजे कोंबड्या शहाण्या होतील असा त्याचा हिशेब.

आई खुराड्याच्या दारात उभी राहून म्हणाली, “देवाच्या घराची फळी, त्यावर आता कोंबड्या बसणार. बारा त्यांची, आणि तेरावं खोकं तुझ्या बायकोचं.”

“ती खोली आहे, आई.”

“दिसतंय की. मोठं खोकं.”

कोंबड्यांनी बाराही खोक्यांकडं पाहिलं आणि अंडी घालणं बंद केलं. चार दिवस. मग काही जणी रानात झुडपांखाली जाऊन घालू लागल्या, ती घोरपडीनं खाल्ली. तेव्हा हेडलीला फसवं अंडं आठवलं. कोंबडीला अंडं दिसलं की ती तिथं बसते, म्हणून चिनी मातीचं नकली अंडं ठेवतात. प्रार्थनाघराच्या दारांच्या आणि कपाटांच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अकरा मुठी फळ्यांबरोबर आल्या होत्या. खोकी बारा. सगळीकडं सारख्या वाटल्या जाव्यात म्हणून बारावी मूठ त्यानं नव्या खोलीच्या दाराला लावली होती ती काढली. संध्याकाळी दुसरी लावतो म्हणाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तो विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा मुठी चौथ्या खोक्यात होत्या. मी रात्री पहाऱ्याला बसलो नव्हतो, त्यामुळं शपथ घेणार नाही. पण ठिपकेवाल्या म्हाताऱ्या कोंबडीला हनुवटीखाली मूठ धरून मागं मागं चालताना मी पुढं एकदा पाहिलंय, आणि ती मला बघून ओशाळली होती. चौथ्या खोक्यात बारा मुठी, नऊ अंडी आणि चार कोंबड्या. उरलेल्या बाहेर रांगेत.

त्या सकाळी अंडी गोळा करायला आई आणि डल्सी गेल्या होत्या, मी खुराड्यातली वाळू ओढत होतो. डल्सीला नववा महिना लागलेला. तिनं कमरेवर हात ठेवून बराच वेळ ती रांग पाहिली आणि विचारलं की अकरा खोकी रिकामी असताना या असं का करतात.

आई वाकून कोंबडीच्या पोटाखाली हात घालत होती. ती सहज बोलून गेली, “रिकाम्या खोक्याचा काय भरवसा? आत साप असेल, काही असेल. अंडं दिसलं म्हणजे कळतं, इथं आधी कुणीतरी बसलं होतं आणि धड उठून गेलं. जिथं आधीचीला काही झालं नाही, तिथं दुसरीला भीती वाटत नाही. एवढंच.”

 त्या दिवशी दुपारी डल्सी नव्या खोलीत गेली, विणलेल्या कपड्यांची टोपली उचलली आणि परत मागच्या पडवीतल्या जुन्या खोलीत आणून ठेवली. हेडलीनं कारण विचारलं. ती म्हणाली, खोली छान आहे, पण तिथं अजून कुणीच झोपलेलं नाही. येत्या रविवारी मला नर्सकडं सोडा, मी तिच्या स्वयंपाकघरात तीन आठवडे मटार सोलत बसेन.

हेडली खोलीच्या उंबऱ्यावर रंधा घेऊन बसला आणि आधीच गुळगुळीत असलेली चौकट आणखी गुळगुळीत करत राहिला. जेवताना आईनं मान वर केली नाही. आपल्या तोंडून काय गेलं ते तिला कळलं होतं.

रविवार आलाच नाही. शुक्रवारी पहाटे डल्सीला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधी. हेडलीनं घोडी जुंपली आणि नर्सला आणायला गेला. जाताना त्यानं वाळू येऊ नये म्हणून नव्या खोलीच्या खिडकीवर बाहेरून फळ्या ठोकल्या, इतकं सुचलं. मुठीचं नाही सुचलं.

अकराच्या सुमाराला कोंबड्या रांगेनं खुराड्यात झोपायला गेल्या. मी वर पाहिलं तर पश्चिमेला तपकिरी भिंत उभी होती, जमिनीपासून आभाळापर्यंत, आणि ती चालत येत होती. अर्ध्या तासात भर दुपारी दिवा लावायची वेळ आली. पडवीतल्या खोलीला नुसती गोणपाटं लावलेली. तिथं बघता बघता घोट्याएवढी वाळू साचली. डल्सी स्वयंपाकघरातल्या टेबलाची कड धरून उभी होती. कळ आली की ती कड इतकी घट्ट धरायची की चमचे वाजायचे. कळ गेली की दाताला चिकटलेली वाळू जिभेनं काढायची. मी ओली फडकी दाराच्या फटीत कोंबत होतो. कुठं बघावं ते मला कळत नव्हतं, त्यामुळं मी फटींकडं फार बारकाईनं बघत होतो.

तेवढ्यात छपराचा एक पत्रा उचलला गेला. खिळे करकरले, पत्रा दोनदा आपटला आणि गेला. तो पुढं शुल्त्सकडं सापडला, आणि शुल्त्सनं तो परत देताना आमचीच एक बादलीभर मातीही दिली. पण ते नंतर. आत्ता वरून वाळू धारेनं पडायला लागली, चुलीवर, पिठावर, डल्सीच्या केसांत.

आईनं तिच्या डोक्यावर टेबलाचं कापड धरलं आणि म्हणाली, “चल, नव्या खोलीत. घरात तेवढीच कोरडी जागा उरलीय.”

“मी नाही येणार.”

“पोरी, इथं तुझ्या तोंडात वाळू जातेय. पोराच्या पण जाईल.”

“तिथं कुणी बसून उठलेलं नाही,” डल्सी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तुम्हीच म्हणालात ना, मिसेस पेंगिली. मागच्या खेपेचा पलंगही नवाच होता. पांढरा. मी पहिलीच होते त्यावर.”

हे तिनं याआधी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. वाऱ्याचा एवढा आवाज होता, तरी मला ते नीट ऐकू आलं.

 आईनं ते कापड माझ्या हातात दिलं आणि धर म्हणाली. खुर्चीवर बसली आणि बुटांचे बंद सोडू लागली. गाठी जुन्या होत्या, बोटं सुजलेली. एक बूट निघेना, तेव्हा तिनं मला बोलावलं आणि मी तो ओढून काढला. बावीस वर्षांत आईचे पाय दिवसाउजेडी मी पहिल्यांदा पाहिले. लहान होते, पांढरे, आणि अंगठ्याजवळ वाकडे झालेले. त्या पायांनी ती नव्या खोलीत गेली, प्रार्थनाघराच्या लाकडाच्या त्या कोऱ्या पलंगावर चढली आणि बरोबर मधोमध उताणी पडली, हात पोटावर ठेवून.

आम्ही दोघं दारातून बघत होतो.

“हेडलीनं गादी कशानं भरलीय कोण जाणे,” आई छताकडं बघत म्हणाली. “पाठीला टोचतंय. पण जिवंत आहे मी, बघ.”

डल्सी हलली नाही. एक कळ येऊन गेली; तिनं माझ्या दंडाला धरलं, त्याचे वळ आठवडाभर होते. आई तशीच पडून राहिली. तिनं डोळे मिटले. उठली नाही, हाक मारली नाही, नुसती अंड्यांवर बसल्यासारखी जागा ऊबदार करत राहिली. आणखी एक कळ गेली. मग डल्सीनं माझा दंड सोडला, भिंतीला धरून आत गेली, पलंगाशी उभी राहिली आणि म्हणाली, “जरा सरका, मिसेस पेंगिली.”

आई सरकली. आणि मागून वाऱ्याचा असा झोत आला की दार माझ्या नाकासमोर धाडकन बंद झालं.

तेव्हा मला मूठ आठवली. दाराला भोक होतं, मूठ नव्हती. बाहेरची काढल्यापासून आतली नुसती भोकात अडकून राहिली होती, ती आपटण्यानं गळून पलंगाखाली गेली. खिट्टी आत पडली, बाहेरून पकडायला काही नाही. मी भोकाला तोंड लावून आईला सांगितलं. आई म्हणाली, मग तू चुलीवर पाणी ठेव आणि जरा गप्प बस.

तीनच्या सुमाराला हेडली आणि नर्स आले. घोडीसकट तिघं एकाच रंगाचे झालेले. शेवटचे दोन मैल नर्स लगाम धरून पायी चालली होती, बासष्टाव्या वर्षी. तिनं चूळ भरली, हात धुतले आणि विचारलं, बाई कुठं आहे. मी दाराकडं बोट दाखवलं. हेडलीनं दार पाहिलं, भोक पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची कीव आली. तो पहार आणायला वळला.

आतून आईचा आवाज आला, “हेडली, ती देवाची फळी आहे. मोडायची नाही. मूठ आण.”

मी धावलो. घरापासून खुराडं चाळीस पावलं, पण त्या दिवशी मला तारेच्या कुंपणाला धरत जावं लागलं. चौथ्या खोक्यात पाच कोंबड्या एकमेकींवर बसल्या होत्या, वादळ चाललंय याची त्यांना फिकीर नव्हती. ठिपकेवालीनं माझं मनगट रक्त येईपर्यंत टोचलं. मी टोपीत बाराही मुठी भरल्या आणि पोटाशी धरून परत आलो. त्या गरम होत्या, नुकत्या घातलेल्या अंड्यांसारख्या. बाहेर सगळं जग थंड आणि खरखरीत होतं, आणि माझ्या पोटाशी तेवढीच ऊब.

यातली एकच त्या दाराची, आणि सगळ्या दिसायला सारख्या. हेडली गुडघ्यावर बसून एकेक लावून बघू लागला. पहिली बसेना. दुसरी बसली पण फिरेना. ज्याच्या हातून रंध्याचा एक फटका कधी वाकडा गेला नाही, त्या माणसाच्या हातून तिसरी निसटून खाली पडली. आत डल्सीचा आवाज यायचा, मग आईचा, हळू, घोड्याला चुचकारताना असतो तसा. नर्स दाराला कान लावून उभी होती. ती नुसती मान हलवत होती, म्हणजे चाललंय ते ठीक चाललंय.

सातव्या मुठीला आतलं सगळं शांत झालं.

हेडली थांबला. मुठीवरचा त्याचा हात तसाच राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, नर्सकडंही नाही. भोकाकडं बघत राहिला. वारा पडत आला होता, छपरावरून वाळू सरकल्याचा आवाज येत होता. ती शांतता किती वेळ होती ते मी सांगू शकत नाही. मी बाकी सगळं वाढवून सांगेन, पण ती मला वाढवायची गरज नाही.

मग पोर रडलं.

बारीक नाही, चांगलं दणदणीत. खुराड्यातून कोंबडा उलट ओरडला. हेडलीनं दाराला डोकं टेकवलं, आणि आठवी मूठ मी त्याच्या हातात दिली, नववी दिली, दहावी दिली. अकरावी फिरली.

त्या पलंगावर तिघी होत्या. भिंतीकडं आई, केस सुटलेले, कुशीवर वळलेली. कडेला डल्सी. दोघींच्या मधल्या खोलगट जागेत पोर, लालभडक, मुठी आवळून तक्रार करत. मुलगी होती. नर्सनं पुढं होऊन तिला पाहिलं, डल्सीला पाहिलं, आणि आईला म्हणाली, “थर्झा, माझ्यासाठी काही काम ठेवलंस की नाही?”

आई म्हणाली, “माझे बूट कुठं आहेत ते शोध.”

पण तीन दिवस तिला बूट लागले नाहीत. डल्सी उठू देईना. आई उठायला लागली की ती झोपेतही तिच्या बाहीला धरायची. स्वयंपाक मी केला. पेस्ट्या मी केल्या आणि त्यांच्यावर अक्षरंही मीच कोरली. पाचवी पेस्टी अंगठ्याएवढी केली. पोरीचं नाव अजून ठरायचं होतं, म्हणून ती कोरी ठेवली. कुणी खाणारं नव्हतं, तर हेडलीनं खाल्ली.

दुसरी अडचण कोंबड्यांची झाली. बाराही मुठी गेल्या, चौथं खोकं रिकामं, आता बसायचं कुठं हे त्यांना कळेना. दोन दिवस त्या अंगणात चौकशी करत हिंडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हेडलीनं खिडकीच्या फळ्या काढल्या, ऊन आत आलं. थोड्या वेळानं ठिपकेवाली खिडकीच्या चौकटीवर येऊन बसली. तिनं मान तिरकी करून खोली पाहिली, पलंग पाहिला, आईला पाहिलं, डल्सीला पाहिलं, मधे निजलेल्या पोरीला जरा जास्त वेळ पाहिलं. मग उडी मारून पलंगाच्या पायथ्याशी उतरली आणि रजई पायानं उकरून जागा करू लागली.

मी तिला हाकलायला टोपी उचलली.

“असू दे, एझरा,” डल्सी म्हणाली. तिनं पोरीला छातीशी घेतलं आणि कोपरानं शेजारचीला हळूच ढोसलं. “आई, जरा सरका. हिला जागा द्या.”

आईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग ती भिंतीपर्यंत सरकली.